कोथरूडचा बंद फ्लॅट विक्रीला काढायचाय – आधी काय करून घ्यावं?

निशिगंध

कोथरूडमध्ये टू बीएचके आहे. चार मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. इमारत १९९७ची. करारनाम्यात ८५० चौरस फूट बिल्ट-अप लिहिलंय. खाली मोझॅक फरशी, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, खिडक्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या. दोन वर्षं कुलूप आहे, पाण्याचा मेन कॉकही बंदच आहे.

मागच्या आठवड्यात उघडून बघितलं तेव्हा दिसलेल्या गोष्टी: बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरी भुकटी. मोरीच्या छताला तांबूस डाग. घरभर गटारासारखा वास. बाथरूमचं दार खालून कुजलेलं.

फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर. ते २०२१ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. वारस आई, भाऊ (जर्मनीत नोकरी) आणि मी. सोसायटीत नॉमिनी आई. कर्ज २००९ मध्येच फिटलंय.

दिवाळीनंतर बाजारात आणायचा विचार आहे. खर्चाला दोन लाख बाजूला काढलेत. सुचवणारे नवीन मॉड्युलर किचन आणि व्हिट्रिफाइड टाइल करा म्हणतात. ते करावं का, आणि कामांचा क्रम काय असावा?

ओल_आणि_गळती

आधी भिंत, मग बाकी सगळं. आणि तुम्ही पावसात घर उघडलंत हे फार चांगलं झालं, कारण गळती शोधायची ती पावसातच.

तुमच्या माहितीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे मेन कॉक दोन वर्षं बंद आहे. त्या भिंतीला हात लावून बघा. ती कोरडी असून नुसतेच पोपडे आणि भुकटी असेल, तर ओल जुनी आहे, तुमच्याच बाथरूमची होती आणि वापर थांबल्यावर थांबली. भिंत आजही गार आणि दमट लागत असेल तर पाणी तुमच्या नळाचं नाही. ते वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येतंय, बाहेरच्या भिंतीतून येतंय किंवा डक्टमधल्या सामायिक पाइपमधून.

हाताचा अंदाज पुरेसा वाटत नसेल तर फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. २४ तासांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीच्या आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती फक्त कोंदट हवा आहे, खिडक्या उघडल्या की जाईल.

भिंत कोरडी निघाली तरी बाथरूमची परीक्षा घ्याच. न्हाणीच्या, म्हणजे पाणी जायच्या, जाळीत ओलं फडकं गच्च कोंबा, दोन इंच पाणी भरा, पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि २४ तास सोडा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या छतावर काही उमटतंय का तेही कळेल. एक-दोन मिलिमीटर पाणी हवेने उडतं, त्यापेक्षा जास्त उतरलं तर फरशीच्या सांध्यांतून किंवा न्हाणीच्या कडेने जातंय. १९९७च्या बांधकामात सांध्यांत नुसतं पांढरं सिमेंट असतं, ते इतक्या वर्षांत झिजून पोकळ होतं. सांधे कोरून इपॉक्सी ग्राउट भरणं हे एका बाथरूमला दोन दिवसांचं काम आहे. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, फरशी उखडावी लागत नाही. मग मेन कॉक उघडा, सगळे नळ बंद ठेवा आणि तीन-चार दिवस भिंतीवर लक्ष ठेवा. आता ओल परत आली तर भिंतीतला पाइप गळतोय. प्लंबरकडून पंपाने दाब देऊन नेमकी जागा काढून घ्या.

भिंतीची दुरुस्ती: डागाच्या वर दीड फुटापर्यंतचं प्लॅस्टर विटेपर्यंत काढा. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. पाण्यात विरघळून तो क्षार परत भिंतीत शिरतो आणि नव्या रंगाखालून बाहेर येतो. नवं प्लॅस्टर १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), त्यात वॉटरप्रूफिंग लिक्विड डब्यावरच्या मापाने (बहुतेकांचं गोणीमागे २०० मिली असतं). सात दिवस पाणी मारा, नंतर किमान तीन आठवडे वाळू द्या. तुम्ही सप्टेंबरात प्लॅस्टर केलंत तर ऑक्टोबरचं ऊन आयतं मिळतं.

आतून वॉटरप्रूफ रंग मारून ओल दाबायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाणी भिंतीतच राहतं आणि फूटभर वर चढून दुसरीकडे फुटतं. नेमकं तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घर बघायला आलेलं असतं, आणि मग ओलीपेक्षा झाकाझाकच जास्त महागात पडते. दुरुस्तीचे आधीचे-नंतरचे फोटो आणि प्लंबरचं बिल जपून ठेवा. विचारलं तर दाखवा, न विचारलं तरी सांगा.

मोरीच्या छताचा डाग तांबूस आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते. तो गंज असू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. पोकळ आवाज आला किंवा खपल्या पडल्या तर आतली सळई गंजून फुगली आहे. तिथे नुसतं प्लॅस्टर थापलं तर वर्षभरात परत पडेल. सैल भाग काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टर भरावं लागतं. आणि वरच्यांची गळती थांबल्याशिवाय तेही टिकत नाही. सोसायटीला लेखी कळवा, तोंडी नको. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) गच्चीतून आणि बाहेरच्या सामायिक पाइपांतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चात येते. संडास-मोरीतली अंतर्गत गळती मात्र त्या-त्या सभासदांनी बघायची असते. त्याच पत्रात शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची) प्रतही मागा. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ते दर पाच वर्षांनी आणि पुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. जाणकार खरेदीदार ते मागतोच.

दस्त_नोंदणी

ओल महत्त्वाची आहेच, पण निशिगंधताई, तुमचा व्यवहार अडला तर तो कागदांवर अडेल. भिंतीला सहा आठवडे लागतील, कागदांना त्याहून जास्त लागू शकतात. म्हणून दोन्ही आजच सुरू करा.

पहिली गोष्ट, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात हे स्पष्ट आहे. कायदेशीर वारस ठरेपर्यंत नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, एवढंच. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे आई, भाऊ आणि तुम्ही प्रत्येकी एक तृतीयांश. दोन वाटा आहेत. एक तर तिघांनी विक्रेते म्हणून सही करायची. नाहीतर तुम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) करायचं आणि आई एकटी विकणार. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. नुसतं नोटरी केलेलं इथे चालत नाही आणि बँकेचा वकील पहिल्याच वाचनात ते बाजूला काढतो. खरेदीदाराच्या बँकेने दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागितला तर त्यात महिने जातात. ज्या दोन-तीन बँकांतून या भागात जास्त कर्जं होतात, त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाला आत्ताच विचारून घ्या.

भाऊ येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) लागेल. तिथल्या भारतीय वकिलातीत केलेलं. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही मुदत हमखास हुकते. मजकुरात विकणे, करारनाम्यावर सही करणे, नोंदणीला हजर राहणे आणि रक्कम कुणाच्या खात्यात घेणे हे प्रत्येक वेगळं लिहून घ्या.

फाइलमध्ये काय हवं: बिल्डरशी झालेला मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), भोगवटापत्राची (ऑक्युपन्सी सर्टिफिकेटची) प्रत, चालू मिळकत कराची पावती, वीजबिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, वडिलांचा मृत्यू दाखला. भोगवटापत्र सोसायटीकडे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकारात अर्ज करा. मूळ करारनामा सापडला नाही तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, या क्रमाने जा.

कर्ज २००९ मध्ये फिटलं म्हणता, पण बँकेचा बोजा कुठे नोंदलेला राहिलाय का हे ऑनलाइन शोध घेऊन बघा. कर्ज फिटल्याचं पत्र असणं वेगळं आणि नोंद उतरणं वेगळं.

जाहिरातीत ८५० लिहू नका. टेप घेऊन कार्पेट मोजा: खोल्यांचं आतलं माप, आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. ते साधारण ६५०च्या आसपास भरेल. बाल्कनीचं माप वेगळं सांगा. बँकेचा मूल्यांकनकार तेच मोजणार आहे. बाल्कनी खोलीत घेतली असेल किंवा मंजूर नकाशातली भिंत काढली असेल तर तेही त्याला दिसणार. असं काही आहे का?

निशिगंध

हॉलची बाल्कनी वडिलांनी सरकत्या खिडक्या लावून बंद केली आहे, मधली भिंत आणि दार तसंच आहे. पार्किंग खाली आहे, पण करारनाम्यात उल्लेख नाही.

दस्त_नोंदणी

भिंत तशीच आहे म्हणजे मोठा अडथळा नाही. ती जागा कार्पेटमध्ये मोजू नका, एवढंच. पार्किंग करारनाम्यात नसेल तर सोसायटीच्या वाटपाचं पत्र किंवा सभेचा ठराव मिळवा. तोही नसेल तर “पार्किंगसह” असं लिहू नका.

रंगाचे_दोन_हात

आता तुमच्या दोन लाखांबद्दल. मॉड्युलर किचन नको, टाइलही नको. इतक्या जुन्या फ्लॅटचा खरेदीदार स्वयंपाकघर आपल्या मनासारखं नव्याने करतोच. तुम्ही निवडलेल्या लॅमिनेटचे पैसे तो देणार नाही. त्याला बघायचं असतं ते घर कोरडं, उजेडाचं आणि सांभाळलेलं आहे की नाही.

आणि ती मोझॅक फरशी झाकू नका! २५ वर्षांच्या मोझॅकला मशीन पॉलिश केलं की ती नव्यासारखी निघते. तडे गेलेल्या जागी आणि सांध्यांत त्याच रंगाचं सिमेंट भरून दोन दिवस सुकू द्या, मग जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत तीन-चार हात आणि शेवटी ऑक्झॅलिकने चकाकी. पॉलिशवाला येण्याआधी प्रत्येक न्हाणी आणि बाल्कनीचं पाणी जायचं भोक फडकं आणि प्लॅस्टिकने बंद करा. घासताना निघणारा राडा आत गेला तर सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि पाइप तुंबतो. तो राडा बादलीने भरून बाहेर न्यायचा, संडासात ओतायचा नाही.

क्रम असा ठेवा:

१. गळती आणि प्लॅस्टर.
२. सुतार आणि वायरमन. भिंतीला भोकं पाडायची ती याच टप्प्यात.
३. फरशी घासण्याचे पहिले हात. राडा भिंतीवर फूटभर उडतो, म्हणून रंगाच्या आधी.
४. लांबी (पुट्टी), प्रायमर, रंगाचा पहिला हात.
५. फरशीची शेवटची चकाकी.
६. रंगाचा शेवटचा हात आणि पट्टीची सफाई.

रंगाचा हिशोब: कार्पेट ६५० असेल तर भिंती आणि छत मिळून साधारण २,१०० ते २,२०० चौरस फूट भरतात. इमल्शन एका लिटरमध्ये दोन हात धरून १०० ते १२० चौरस फूट जातं, म्हणजे २० लिटरची एक बादली पुरते. रंगारी तीस लिटर सांगत असेल तर मोजून दाखवा म्हणा. छताला आणि भिंतींना एकच फिकट रंग घ्या, मोतिया किंवा हस्तिदंती. अगदी पांढऱ्यावर मोझॅकची फरशी मळकट दिसते. एक भिंत गडद करायची हौस टाळा, खोली लहान वाटते.

लांबी सिमेंटची घ्या, दुकानात व्हाइट सिमेंट पुट्टी म्हणून मिळते ती. खडू-पावडरची घरगुती लांबी स्वस्त पडते, पण ओल आलेल्या भिंतीवर तीच आधी सुटते. जुना ऑइल पेंट कुठे असेल, स्वयंपाकघरात हमखास असतो, तर तो पॉलिश पेपरने खरखरीत केल्याशिवाय वर काही धरत नाही. आणि नव्या प्लॅस्टरच्या भिंतीला बाकी घराबरोबर रंग देण्याची घाई करू नका. रंगाऱ्याला ते गैरसोयीचं वाटेल, पण तेवढी भिंत शेवटी ठेवा.

बिजागरी

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी, पण घर बघणाऱ्याच्या हाताला आणि नाकाला पहिल्यांदा लागतात त्या याच.

वास. तो बहुधा गटार फुटल्याचा नाही. न्हाणीच्या ट्रॅपमध्ये आणि कमोडच्या वाकणात पाणी साठून राहतं, तेच खालची हवा अडवतं. घर बंद असलं की ते पाणी वाळतं, आणि वासाबरोबर झुरळंही वर येतात. प्रत्येक न्हाणीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये आणि कमोडमध्ये एकेक बादली पाणी ओता. घर पुन्हा बंद ठेवायचं असेल तर पाण्यानंतर न्हाणीत चमचाभर गोडेतेल सोडा. त्याचा तवंग पाणी उडू देत नाही. आठवडाभरात वास गेला नाही तरच प्लंबरला बोलवा.

मेन कॉक उघडताना आधी सगळे नळ उघडे ठेवा आणि कॉक हळूहळू फिरवा. दोन वर्षांचा गंज एकदम सुटला की एरेटरच्या (नळाच्या तोंडाच्या) जाळ्या आणि गीझरचा व्हॉल्व्ह तुंबतो. जाळ्या काढून ठेवा, पाणी स्वच्छ आल्यावर बसवा. ठिबकणाऱ्या नळाला नवा स्पिंडल पुरतो, नळ बदलावा लागत नाही. क्षारांचे पांढरे डाग सायट्रिक अॅसिडने काढा: लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. हार्डवेअरच्या दुकानातलं कडक अॅसिड मोझॅकवर सांडलं तर चकाकी जाते, आणि नळाचा क्रोमही उडतो.

बाथरूमचं दार दुरुस्त करू नका, फ्लश दार खालून कुजलं की पत्र्याची पट्टी मारून फक्त लपतं. पीव्हीसी किंवा एफआरपीचं तयार दार बसवा. चौकटही खालून पोकळ झाली आहे का ते टोचून बघा. वाळवी निघाली तर रंगाच्या आधीच उपचार करून घ्या. भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूटफूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरतात, ती नंतर बुजवून रंगात झाकली जातात.

वीज: मेन बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलिअॅम्पिअरचा बसवून घ्या, असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. काळपट पडलेले, जळकट बोर्ड बदला. सगळ्या खोल्यांत ४,००० केल्विनचे, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटेचे, दिवे लावा. काही पिवळे, काही पांढरे असले की फोटोत एकाच घराच्या भिंती दोन रंगांच्या दिसतात.

फोटो सकाळी, पडदे उघडून, मोबाइल छातीच्या उंचीला आडवा धरून, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे. सगळं फुगवून दाखवणारी रुंद लेन्स वापरू नका. लोक मोठा हॉल बघायला म्हणून येतात आणि दारातच हिरमुसतात. तिसरा मजला लिफ्टशिवाय आहे हेही जाहिरातीतच लिहा, नाहीतर गुडघेदुखीवाले आजी-आजोबा तीन जिने चढून परत जातील.

‘रंगाचे दोन हात’ यांच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. किचन नको हे बरोबर, पण कडाप्प्याच्या ओट्याला चिरा असतील तर तेवढा काळा ग्रॅनाइट टाका. दहा फुटी ओट्याला दगड आणि मजुरी धरून बजेट कोलमडत नाही, आणि स्वयंपाकघर ज्या बघणार असतात त्यांची नजर आधी तिथे जाते.

रंगाचे_दोन_हात

चिरा असतील तर मान्य. नसतील तर कडाप्पा स्वच्छ घासून तेलाचा हात पुरे.

कर_सल्ला

भाऊ जर्मनीत आहे यावरून काही सांगतो, कारण खरेदीदाराला हे ऐन वेळी कळलं की व्यवहार रेंगाळतो.

विक्रेता निवासी (भारतात राहणारा) असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आधीच कापून भरायचा कर) कापतो. विक्रेते तिघे असल्याने प्रत्येकाचा वाटा ५० लाखांखाली येतो, हा युक्तिवाद ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, एकूण किंमत बघतात. अनिवासी भावाच्या वाट्याला तर ५० लाखांची मर्यादाच नाही. त्याच्यावर भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के अधिक अधिभार आणि उपकर, असा टीडीएस लागतो, आणि प्राप्तिकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही तर तो नफ्यावर नव्हे, पूर्ण वाट्यावर कापला जातो. दाखल्याला काही आठवडे जातात, म्हणून करारनामा झाल्या झाल्या अर्ज करायचा. हक्कसोडपत्राने आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर हा सगळा भाग टळतो. पण मग पैसे कायद्याने आईचे, हे भावंडांनी आधी नीट बोलून घ्या.

घर २००१च्या आधीचं आहे, त्यामुळे मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१चं बाजारमूल्य धरता येतं. मात्र त्या दिवसाच्या रेडी रेकनरपेक्षा (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरापेक्षा) जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आत्ताच करून घ्या. निवासी वारसांना महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यांतला जो कर कमी तो लागू होतो. भावाला हा पर्याय नाही, त्याला १२.५च. रंगकामाचा खर्च नफ्यातून वजा होत नाही. दलाली होते, तिची पावती घ्या.

आणि हस्तांतरणाच्या वेळी सोसायटीने प्रीमियम मागितला तर महापालिका हद्दीत कमाल २५,००० रुपये. वडिलांच्या नावावरून वारसांच्या नावावर करताना तर प्रीमियम घेताच येत नाही. “इमारत निधी” म्हणून वेगळी देणगी मागितली तर लेखी मागा, सहसा ती मागणी तिथेच थांबते.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीला हात लावून बघितला, कोरडी आहे. मोरीचं छत ठोकलं तर एका कोपऱ्यात पोकळ आवाज येतो. उद्या सोसायटीला पत्र देते आणि भावाशी हक्कसोडपत्राबद्दल बोलते. वरच्या मजल्यावरचे लोक गावाला गेलेत, दसऱ्यापर्यंत येणार नाहीत. तोवर छताचं काम थांबवायचं का?

ओल_आणि_गळती

सैल भाग आत्ताच पाडून घ्या, कुणाच्या डोक्यावर पडायला नको. सळई घासून गंजरोधक लेपही देऊन टाका. मॉर्टर मात्र थांबवा. वरचे आल्यावर त्यांच्या मोरीत पाणी भरून २४ तास बघा, मगच भरा. त्यांचं घर बंद असताना छत कोरडं दिसलं तर गळती थांबली असं समजू नका.